शून्याचा रकाना

दर मंगळवारी पैठणहून थर्माकोलची पेटी,
पेटीत बर्फ, बर्फात चिलाप्या दहा-बारा.
कंडक्टर नाक मुरडतो,
पण तिकीट फाडतोच :
माझं अर्धं, माशांचं पूर्ण.

प्रयोगशाळेत पोट उघडायचं.
आतडं मिठाच्या पाण्यात सोडायचं,
सुईच्या टोकानं वीत वीत उलगडायचं,
मग रजिस्टरात लिहायचं : शून्य.
पुन्हा शून्य.
तीन वर्षं हा रकाना मी शून्यांनी भरला.
सर म्हणाले, हेही उत्तरच आहे.

चिलापी या पाण्यात आली
तेव्हा तिच्यासोबत कोण आलं नाही, त्याची ही नोंद.
ज्या जंताला आधी गोगलगाय लागते, मग मासा,
मग तो मासा गिळणारा पक्षी,
तो राहिला तिकडेच, दूरच्या एका तळ्याकाठी.
एवढा गोतावळा टँकरमध्ये मावत नाही.
आला तो फक्त कल्ल्यातला,
ज्याला मासाच माहेर आणि मासाच सासर.
चारशे पट मोठा केला की दिसतात त्याचे आकडे,
दोन वर, दोन खाली,
एवढ्यावर त्यानं अख्खा समुद्र ओलांडला.

हरणाबाई लिंबोरे बाजारात मासे कापते.
माझ्याहून कितीतरी जास्त पोटं तिच्या विळीखालून गेली.
तिला शून्याचं सांगितलं तर म्हणाली,
"म्हंजी हिच्या अंगाला कोणीच लागंना?
मंग ती हितली न्हाई अजून, नुसरत मॅडम."
आणि टबातली मरळ उचलून दाखवली :
पंखाच्या बुडाशी लटकलेला पांढरा दोरा.
"ह्ये आदी नव्हतं. गवत्याच्या बीजासंगं आलं.
पाव्हण्याच्या उवा, घरच्याच्या डोक्यात."
मी चिमट्यानं दोरा ओढला.
तुटला.
डोकं नांगरासारखं रुतलेलं,
ते मांसातच राहिलं.
मरळ टबात परत गेली, गिऱ्हाइकाची वाट पाहत.

चौथ्या वर्षी, पौषात,
नाथसागराचं पाणी काठ सोडून बरंच आत गेलेलं.
ओल्या चिखलात शंख, पायाखाली कुरकुरणारे.
त्या आठवड्यात एका चिलापीच्या
कल्ल्याच्या झाकणाखाली पिवळी गाठ,
ज्वारीच्या दाण्याएवढी.
सुईनं टोचली.
आतला हळूच बाहेर आला,
भर झोपेत कोणी पांघरूण ओढावं तसा,
एकदा आखडला, एकदा लांब झाला.
हा इथला.
इथल्याच गोगलगाईतून निघालेला,
इथल्याच राखी बगळ्याच्या घशात जायला थांबलेला.
चिलापीला त्यानं विचारलं नव्हतं, कुठली तू.

मी ओरडलेच. शेजारच्या खोलीतून शिपाई धावत आला.
मग तो गेल्यावर
पेनाचं टोपण काढून बसून राहिले.
इतकी वर्षं बिनहिशेबी पोहत होती,
आज बगळ्याच्या वहीत तिचं नाव चढलं.
माझ्यामुळे नाही, पण माझ्यासमोर.

हरणाबाईला फोन लावला. मागे बाजाराचा गलका.
"घावला व्हय? कितीक?"
"एकच."
"एक बास झाला. लागली नांदायला."
मग हसली, कुणाला तरी सुटे दिले, परत फोनवर आली :
"मी नवी नवरी आले तवा सासू रोज माझं डोकं बघायची.
सहा महिन्यांनी पहिली ऊ निघाली,
तवा म्हणली, आता झाली ही आमची.
लई रडले होते मी त्या दिशी.
बरं, मरळीचं काय? तिचा दोरा निघंल का?"

मी म्हटलं, माहीत नाही.
रकान्यात एक लिहिला.
कागदावर बर्फाचं पाणी होतं, शाई फुटली,
एकाला पाय फुटल्यासारखे दिसले.
पेटीत अजून नऊ मासे होते.